रेवाची बुटकी गाडी

रेवा,

गेल्या आठवड्यात इथे पहिला बर्फ पडला. फार नाही, गवताची टोकं वर दिसत होती एवढाच. सौरभ खिडकीशी चहाचा कप धरून उभा होता. ड्राइव्हवेवर तुझी निळी गाडी नेहमीसारखी जमिनीला पोट लावून बसलेली, टपावर पांढरा थर. "आई, तिचे टायर बदलायचे राहिलेत," तो म्हणाला. तू जाऊन अजून महिनाही झालेला नाही, आणि या घरात हिवाळ्याचं काम नेहमी तू सुरू करायचीस.

तुझ्यासाठी लोक जमले त्या दिवशी तुझं शिक्षण, तुझं काम, तुझा स्वभाव, सगळ्याबद्दल बोलून झालं. चांगलंच बोलले. ते मी पुन्हा सांगत नाही. मला त्या गाडीबद्दल बोलायचंय. आपलं पहिलं भांडण तिच्यावरून झालं, शेवटचंही तिच्यावरूनच, आणि माझी सून कोण आहे हे मला कळलं तेही तिच्यामुळेच.

सौरभचे बाबा गेल्यावर मी सातारा सोडून तुमच्याकडे अमेरिकेत राहायला आले, तेव्हा बफेलोच्या विमानतळावर मला घ्यायला तू एकटी आली होतीस. सौरभला ऑफिसातून निघता आलं नव्हतं. तू दार उघडलंस आणि मी बघतच राहिले. त्या गाडीत बसायचं म्हणजे पाटावर मांडी घालायला वाकावं तसं वाकायला लागत होतं. माझे गुडघे तेव्हाही दुखायचे.

"एवढी बुटकी कशी गं ही?"

"मी केली. मुद्दाम. खाली असली की छान वळतो."

"वळते. गाडी ती."

"हो, वळते," तू म्हणालीस, आणि माझी बॅग मागे टाकलीस. न्यू जर्सीत वाढलेली मुलगी, घरात आईवडिलांशी बोलून बोलून मराठी टिकवलेलं, पण लिंगांची नेहमी गडबड. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं. विमानतळ ते घर मी तुझी लिंगं सुधारत होते आणि तू मला स्पीडब्रेकर तिरका कसा ओलांडायचा ते दाखवत होतीस, एक चाक आधी, मग दुसरं, म्हणजे गाडीचं पोट घासत नाही. कुणी कुणाचं किती ऐकलं देव जाणे. पण घरी पोचेपर्यंत आपली गट्टी जमली होती.

उन्हाळ्यात रविवारी तू रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी कोन लावून गाड्या पळवणाऱ्यांच्या घोळक्यात जायचीस. मी एकदा छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन आले. तुझी फेरी झाल्यावर दोन दाढीवाले गडी गुडघ्यावर बसून तुझ्या गाडीखाली डोकावत होते, आणि तू हातवारे करून त्यांना काही समजावत होतीस. ते माना डोलावत होते. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमची मुलगी का?" मी "हो" म्हटलं. सून आहे हे सांगण्याइतकं माझं इंग्रजी होतं, पण सांगावंसं वाटलं नाही.

भांडण सुरू झालं ते हिवाळ्यात. तुझं काम घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर चालायला शिकवायचं, आणि तुझे पेशंट सगळे शहराच्या दक्षिणेला, जिथे तळ्यावरून येणारा वारा एका सकाळीत माणसाच्या कमरेएवढा बर्फ आणून टाकतो. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांकडे उंच, दांडग्या गाड्या. मी म्हटलं, "तूही घे एक. लोकांचे जीव सांभाळायला जातेस, आधी आपला सांभाळ."

"आई, उंच गाडी निघते लवकर. थांबायला तेवढाच वेळ घेते. ते लोक विसरतात."

"आणि तुझी बर्फात रुतली म्हणजे?"

"म्हणून तयारी करते. बघायला या."

बघायला म्हणून मी तुझा चहा घेऊन गॅरेजमध्ये आले आणि थांबले. तू पुठ्ठा अंथरून गाडीखाली आडवी होतीस. चाक काढलं की आत स्प्रिंग दिसते आणि तिच्या खाली आटे पाडलेली कडी. ती कडी आकड्यासारख्या पान्यानं फिरवली की गाडी वर किंवा खाली होते. उन्हाळ्यात खाली, हिवाळ्यात वर. पण आटे मिठानं आणि धुळीनं भरलेले असतात, म्हणून आधी तारेच्या ब्रशनं घासायचे, तेल मारायचं, मगच फिरवायचं. नाहीतर कडी तिथेच गंजून बसते. मी तो ब्रश हातात घेतला आणि घासायला बसले. पितळेची भांडी घासलेली बाई मी, हे काम मला येत होतं. तू गाडीखालून मान वळवून बघितलंस. "आई, तुम्ही माझ्यापेक्षा चांगला घासता," म्हणालीस.

"चांगलं."

"चांगलं घासता."

त्यानंतर दर हिवाळ्याआधी ते काम आपलं दोघींचं झालं. सौरभ वरूनच खायला-प्यायला काही हवं का, एवढी चौकशी करायचा. संगणक सोडून कुठल्याही यंत्राशी त्याचं जमत नाही हे त्यालाही ठाऊक आहे. बंपरच्या खाली तू हौसेनं लावलेली काळी पट्टी काढून ठेवायची, नाहीतर ती नांगरासारखी बर्फ ढकलत जाते. उन्हाळ्याचे रुंद टायर काढून हिवाळ्याचे अरुंद टायर चढवायचे. मला वाटायचं रुंद टायर जास्त धरेल. तू म्हणालीस, रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापून रस्त्यापर्यंत जातो. मी म्हटलं, धोतराच्या काठासारखं अरुंद असलं की झालं तर. तुला धोतराचा काठ कळला नाही, पण तू हसलीस. दारांच्या रबरांना सिलिकॉन चोळायचं म्हणजे दारं गोठून चिकटत नाहीत. गाडी वर घेतली की दिव्यांचा झोत वर जातो, तो पुन्हा खाली आणायचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. मागे फावडं, वाळूची पिशवी, घोंगडी.

आणि "टायर" तो की ते, यावर आपण दर वर्षी वाद घातला. तुझी आई म्हणे ते टायर, मी म्हणायचे तो टायर. तुझं म्हणणं होतं की तुम्ही दोघी आधी ठरवा, मग मला शिकवा. ते ठरलं नाहीच.

वादळाचा तो दिवस मी मंडळात इतक्यांदा सांगितलाय की बायका आता विषय बदलतात. तुला मात्र कधी पुरता सांगितला नाही, कारण तू तिथे होतीस. पण माझ्या बाजूनं तो कसा दिसला, हे तुला ठाऊक नाही.

दोन दिवस सतत बर्फ पडून थांबला होता. मोठे रस्ते नुकतेच खुले झाले होते. तू सकाळपासून एकेका पेशंटला फोन करत होतीस. मिस्टर केलरना केलास. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, बायको वारलेली, शेवटच्या फाट्यावरच्या घरात एकटे. फोन ठेवलास तेव्हा तुझा चेहरा बदलला होता. "आई, ते slow बोलतायत. वीज नाही तिकडे, म्हणजे हीटर बंद. शब्द नीट येत नाहीयेत." तू इमर्जन्सीला फोन केलास. त्यांनी नाव लिहून घेतलं, पण गाड्या सगळीकडे अडकलेल्या, कधी पोचतील सांगता येत नाही म्हणाले. मग तू गसला फोन लावलास. गस त्या भागात बर्फ काढण्याचा ट्रक चालवतो, त्याच्या आईला तूच चालतं केलं होतंस. तो म्हणाला, मी तिकडेच निघालोय, चौकात ये आणि माझ्या मागे राहा.

तू बूट घालेपर्यंत मी थर्मास भरून गाडीत जाऊन बसले होते.

"आई, उतरा."

"दोन माणसं असली तर एक खणेल."

"तुमच्या वजनानं गाडी अजून खाली जाईल."

"मग जाऊ दे." तू गाडी सुरू केलीस.

चौकात गसनं ट्रकच्या खिडकीतून वाकून बघितलं आणि विचारलं, "या गाडीनं?" तू उतरून त्याला चाकाच्या कमानीत हात घालून दाखवलंस, किती वर घेतलीय ते. टायर दाखवलेस. त्यानं खांदे उडवले. "लांब राहा, पण माझ्या चाकोरीतून बाहेर जाऊ नकोस." आणि आपण निघालो. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, त्यामध्ये त्याच्या ट्रकची पाठ, आणि तू स्टिअरिंग इतक्या हलक्या हातानं धरलेलं, जणू झोपलेल्या बाळाला घेतलंय. उतारावर तू ब्रेकला पाय लावलाच नाहीस, खालच्या गिअरमध्ये टाकून गाडीलाच सावकाश होऊ दिलंस. मी रामरक्षा म्हणत होते. तू म्हणालीस, "मोठ्यानं म्हणा, मला पण ऐकू दे."

मिस्टर केलरच्या घराशी रस्ता संपला. आत जायला त्यांचा ड्राइव्हवे, सरळ, लांब, आणि त्यावर कुणाचंही पाऊल न पडलेला बर्फ. मला वाटलं आता तू आत घुसणार. एवढं आलो आहोत, समोर घर दिसतंय. तू गाडी थांबवलीस, उतरलीस, फावड्याचा दांडा बर्फात रोवलास, बाहेर काढून बंपरला लावून बघितलास. आणि परत येऊन म्हणालीस, "इथपर्यंतच. पोट टेकलं की चाकं हवेत. मग आपण पण अडकू."

रेवा, त्या क्षणी मी तुझ्याकडे बघत होते. घाई होती, माणसाचा जीव होता, आणि तुझा आवाज जराही चढला नव्हता. आपली गाडी काय करू शकते ते तुला माहीत होतं, आणि काय करू शकत नाही तेही, तितकंच. जन्मभर मी शहाणी म्हणवणारी खूप माणसं पाहिली. दुसरी गोष्ट माहीत असलेली फार थोडी.

मागचा सायलेन्सर बर्फानं बुजणार नाही असा मोकळा केलास, धूर आत कोंडू नये म्हणून मला काच थोडी उघडी ठेवायला सांगितलंस, हीटर पूर्ण लावलास, आणि गसला घेऊन गुडघाभर बर्फातून आत गेलीस. बराच वेळ गेला. मग तुम्ही तिघं दिसलात. मधे मिस्टर केलर कोटावर कोट घातलेले, पाय ओढत, आणि तू प्रत्येक पावलाला त्यांना सांगत होतीस की कुठला पाय आधी.

गस म्हणाला, माझ्या ट्रकमध्ये घेऊ, तो सुरक्षित. तू ट्रकच्या पायऱ्या बघितल्यास आणि मान हलवलीस. नव्या खुब्यानं एवढं चढता येणार नव्हतं. पण तुझी गाडी त्यांना फार खाली होती. गुडघ्यापेक्षा खाली बसले तर खुबा निखळायची भीती, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. तू पुढची सीट मागे सरकवून पाठ आडवी केलीस. घोंगडीची घडी घातलीस, माझी शाल मागून घेतलीस, तिचीही घडी घातलीस, वरून किराण्याची प्लास्टिकची पिशवी पसरलीस. "पिशवी कशाला?" मी विचारलं. "घसरायला." त्यांना पाठमोरं उभं करून सावकाश बसवलंस, आणि त्या पिशवीवरून ते आपोआप आत वळले, पाय शेवटी. मी मागच्या सीटवर थर्मासचा चहा घेऊन बसले होते. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आल्याचा आहे का?" शब्द आता नीट येत होते. तू ते ऐकलंस आणि गाडी गिअरमध्ये टाकलीस.

हॉस्पिटलच्या दारात चाकाची खुर्ची घेऊन माणसं धावत आली आणि गाडी बघून क्षणभर थबकली. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून काही तास गेले असते तर अवघड झालं असतं. तू मात्र बाहेर येऊन आधी चाकांच्या कमानीत साठलेला बर्फ बुटाच्या टाचेनं पाडत बसलीस, कारण तो घट्ट झाला की वळताना टायर घासतो.

मी म्हटलं, "उंच गाडी असती तर सरळ दारापर्यंत गेली असती."

"उंच असती तर ते बसले नसते."

"पायरी ठेवली असती."

"आई," तू म्हणालीस, "घरी जाऊन भांडू. मला भूक लागला."

"लागली." आणि मग मला हसूही आलं आणि रडूही.

त्या दिवशी तुझ्यासाठी जमलेल्या लोकांत मिस्टर केलर होते. काठी घेऊन आले होते, वॉकर नव्हता. बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी वादळाचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "ती मला रोज सांगायची, अजून एक फेरी. मी रोज तिच्यावर चिडायचो. आज गाडी पार्क करून मी इथपर्यंत चालत आलो." आणि खाली बसले. सौरभनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तुझ्या आजाराचे महिने मी इथे फार आणणार नाही. ते तुझे नव्हते, आजाराचे होते. पण एक सांगते. सप्टेंबरमध्ये एका दुपारी तू म्हणालीस, "आई, मला भीती वाटतोय." भीती ती. मी सुधारलं नाही. तुझ्या पायांशी बसून तळवे चोळत राहिले. तू पुन्हा म्हणालीस, "वाटते. भीती वाटते. बरोबर ना?" मी म्हटलं, "बरोबर." तेवढ्यानं तुला समाधान वाटलं असावं. तुला झोप लागली. मला त्या वेळी तुला काहीतरी मोठं सांगायला हवं होतं का, कोण जाणे. मला जे सांगायचं होतं ते मी सगळ्या जगाला सांगत हिंडत होते, आणि तुझ्या कानावर ते येत होतं. मंडळातल्या बायका तुला चिडवायच्या ना, तुमच्या सासूबाई तुमच्याशिवाय दुसरं बोलत नाहीत म्हणून.

आणि आपलं भांडण. मी अजूनही म्हणते, गाडी उंच असावी. सौरभलाही मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "मग ही विकूया का?" मी इतकी चिडले की मलाच आश्चर्य वाटलं. उंच असावी हे माझं मत आहे. ही विकायची नाही हा निर्णय आहे. दोन्ही एकत्र कसे राहतात, विचारू नकोस.

त्याच दिवशी आम्ही तिचं काम केलं. सौरभनं जॅक लावला, मी आटे घासले. कडी फिरवताना तो तिसऱ्याच दिशेला जोर लावत होता, मी ओरडले. त्याला ते आवडलं असं वाटलं. खूप दिवसांनी या घरात कुणी कुणावर ओरडलं होतं.

मग ही गोष्ट मंडळाच्या ग्रुपवर गेली, सौरभनंच फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. मृण्मयी नाव, नागपूरची, इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली. परत जाणाऱ्या एका विद्यार्थ्याची जुनी गाडी तिनं घेतली, आणि ती निघाली खाली बसवलेली. तिनं आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. "काकू, मला रडूच येऊन राहिलं हो," ती म्हणाली. "सगळे म्हणतात आता ही वसंतापर्यंत झाकून ठेव." मी म्हटलं, शनिवारी घेऊन ये.

ती आली. तिच्या गाडीला फिरवायची कडी नाहीच, कुणीतरी नुसत्या आखूड स्प्रिंगा बसवल्या आहेत. म्हणजे वर घेता येणार नाही. ते मी तिला स्पष्ट सांगितलं. पण खालची पट्टी काढता येते, टायर बदलता येतात, अरुंद आणि जरा जाड भिंतीचे घेतले तर काम चालतं. आणि कुठे जायचं नाही ते शिकता येतं. मी तिला फावड्याचा दांडा बंपरला लावून दाखवला. नट एका ओळीत आवळायचे नाहीत, एक सोडून समोरचा आवळायचा, म्हणजे चाक सरळ बसतं, हे दाखवलं. ती मन लावून बघत होती. गॅरेजच्या उघड्या दारातून वारा येत होता, सौरभ आत चहा करत होता.

दुसरं चाक चढवताना ती थांबली आणि माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे, माझ्या साडीवर घातलेल्या सौरभच्या जुन्या जॅकेटकडे बघत तिनं विचारलं, "काकू, तुम्ही हे सगळं कुठे शिकलात?"

"माझ्या सुनेकडे," मी म्हटलं. "आता हा समोरचा आवळ."